‘म्हणे’ लाव

आमच्या मराठीच्या सरांचा अख्ख्या भाषेत एकाच शब्दावर जीव होता, आणि तो शब्द म्हणजे ‘म्हणे’. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही त्याला म्हणे लावायचं, हा त्यांचा नियम. आणि नियम म्हणजे नियम. त्यातून हेडमास्तर सुटले नाहीत, सरांची बायको सुटली नाही आणि आम्ही पोरं तर नाहीच नाही.

अंथुर्ण्याच्या पुढं आमचं गाव. त्याचं नाव मी सांगत नाही, आणि का सांगत नाही ते पुढं कळेलच. सर त्याच गावचे, बौद्ध आळीतले. शिकून परत गावच्याच हायस्कुलात लागले होते. शिडशिडीत अंगाचे, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरची डुलकी मोडावी. मुलं पाठीमागं त्यांना ‘म्हणेसर’ म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. ‘‘मला म्हणेसर म्हणत्यात म्हणे,’’ असं तेच एकदा वर्गात म्हणाले.

हजेरी घेताना एखादा उठून सांगायचा, ‘‘सर, गण्याची सायकल पंक्चर झालीय.’’

‘‘तू पंक्चर बघितलंस?’’

‘‘न्हाय सर.’’

‘‘मग नीट सांग.’’

‘‘गण्याची सायकल पंक्चर झालीय म्हणे.’’

‘‘हां. आता बस.’’

आमच्याकडं एक जूनला निम्म्या तालुक्याचा वाढदिवस असतो. शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची, मग गुरुजी आपली सोयीची एक जून टाकून मोकळे व्हायचे. सरांचीही तीच. स्टाफरूममध्ये पेढे वाटले की सर पेढा घ्यायचे, खायचे आणि वर सांगायचे, ‘‘माझा जन्म आज झाला म्हणे. आई तर सांगायची ज्वारीची काढणी चालली व्हती. जूनमधी कसली आलीय काढणी?’’ पेढा मात्र कधी परत केला नाही.

सहामाहीला त्यांनी एक प्रश्न घातला होता, जो पुस्तकात कुठंच नव्हता. ‘घटना आणि दंतकथा यांतील फरक स्पष्ट करा.’ एकानं लिहिलं, दंतकथा म्हणजे दातांविषयीची कथा. दुसऱ्यानं नागरिकशास्त्राचा धडा आठवून लिहिलं, ‘घटना दिल्लीत असते, दंतकथा गावात असतात.’ सरांनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि ते उत्तर सगळ्या वर्गांत वाचून दाखवलं. वाचताना त्यांना हसू आवरेना. मग गंभीर होऊन म्हणाले, ‘‘बाळांनो, घटना एकदा घडती आणि संपती. दंतकथा मातर सांगंल तितक्यांदा घडती. म्हणून ती वाढत जाती आणि घटना बिचारी तेवढीच ऱ्हाती.’’ त्या वेळी आम्हाला यातलं काही कळलं नाही. पेपर सोपा काढत नाहीत एवढंच कळलं.

आमची सहल त्यांनी पळसदेवला नेली होती. उजनीचं पाणी उतरलं की तिथलं जुनं देऊळ उघडं पडतं. नाववाला वल्हं मारता मारता सांगत होता की पाणी चढलं की आतली घंटा आपोआप वाजते, काठावर ऐकू येते. सरांनी विचारलं, ‘‘तुमी ऐकली?’’

‘‘माझ्या आज्यानं ऐकलीया.’’

‘‘आज्याच्या टायमाला धरण व्हतं का?’’

नाववाल्यानं वल्हं थांबवलं. ‘‘मास्तर, नावंचं भाडं घंटंसकट हाय. घंटा नको आसंल तर चालत जावा.’’

सर इतके खूश झाले की उतरताना त्यांनी त्याला नमस्कार केला. म्हणाले, ‘‘ह्यो मानूस खोटं बोलत न्हाय हां. खोटं बोलणाऱ्याला ठाऊक आसतं की आपण खोटं बोलतोय. ह्याला घंटा खरंच ऐकू येती.’’

निवृत्त झाल्यावर ते इंदापूरला राहायला गेले, आणि तिथं त्यांचं हे वेड रस्त्यावर आलं. खिशात मार्करपेन ठेवून हिंडायचे. चौकात कुणाचाही फ्लेक्स लागला, की ‘कार्यसम्राट’ किंवा ‘युवकांचे आशास्थान’ या शब्दापुढं बारीक अक्षरात ‘म्हणे’ लिहून पुढं जायचे. एकदा एस.टी. स्टँडपाशी कार्यकर्त्यांनी त्यांना रंगेहाथ पकडलं. चार जणांनी घेरलं. ‘‘काय लिव्हता वो म्हातारबा?’’

‘‘सम्राट कुठं हायती? मी बघितलं न्हाईत म्हणून म्हणे लावलं. दाखवा, खोडतो.’’

नशीब, त्यांतला एक त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं कपाळाला हात लावला. ‘‘सर, लावायचं तर लावा, पर कडंला लावा जरा. फोटूवर नगं.’’

हा प्रसंग मी ऐकलेला नाही, पाहिलेला आहे. बारामतीहून बायकोला आणि सासूबाईंना घेऊन आलो होतो. सरांना घेरलेलं बघून मी पुढं व्हायला हवं होतं. मी गाड्यांच्या वेळापत्रकाच्या फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो आणि सोलापूरच्या गाड्या वाचत बसलो. सासूबाई म्हणाल्या, ‘‘कोण हो ते वेडं?’’ मी म्हटलं, ‘‘असेल कुणीतरी.’’ आम्हाला जायचं होतं परत बारामतीला.

पण मला लाज वाटते ती याची नव्हे. ही आपली किरकोळ. मोठी पुढं आहे.

आमच्या घराण्यात एक गोष्ट आहे. माझ्या आजोबांना सगळा गाव आबा म्हणायचा. गावाच्या मधोमध आमची विहीर, भरपूर पाण्याची. एका कडक उन्हाळ्यात आबांनी ती विहीर उपसली, तळाचा गाळ काढला, आणि सगळ्या जातींच्या लोकांना बोलावून सांगितलं, आजपासून ही विहीर सर्वांची. मी ही गोष्ट आईच्या तोंडून ऐकत मोठा झालो. आई सांगायची तेव्हा तिचा चेहरा उजळायचा. माझे वडील, म्हणजे तात्या, शेजारी बसून सुपारी कातरत असायचे. ते मध्ये कधी बोलायचे नाहीत.

नववीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी हीच गोष्ट घेऊन उभा राहिलो. हातवारे, आवाजाचे चढउतार, सगळं बसवलेलं. टाळ्या पडल्या. परीक्षक सर होते. बक्षीस दिलं, पण बाहेर आल्यावर म्हणाले, ‘‘बोललास झकास. हे तू बघितलंस?’’

‘‘न्हाय सर. आईनं सांगितलं.’’

‘‘मग म्हणे लाव.’’

मला असा राग आला! शेजारच्या आळीतला हा माणूस, ज्यांच्यासाठी आमच्या आबांनी विहीर खुली केली त्यांच्यापैकीच एक, आणि याला कृतज्ञता म्हणून नाही! हे मी मनात म्हणालो, अगदी याच शब्दांत. आज ते शब्द लिहिताना हात जड होतो.

आता अलीकडची गोष्ट. मी बारामतीत मेडिकलचं दुकान चालवतो. आई गेली. तात्या गावाकडंच, चुलतभावाच्या घराशेजारी राहतात. या चुलतभावाला निवडणुकीला उभं राहायचं आहे, आणि त्याला कुणीतरी सल्ला दिला की घराण्यात एवढी गोष्ट आहे तर ती दगडावर कोरून घ्या. ठरलं. विहिरीपाशी कमान, संगमरवरी फलक, ‘समतेची विहीर’ असं नाव, आणि मोठा कार्यक्रम. बारामतीचा एक इव्हेंटवाला पोरगाही ठरला, स्टेज, ड्रोन, सगळं त्याच्याकडं. फलकावरचा मजकूर लिहायला शुद्ध मराठी येणारा गावचा एकच माणूस होता. शिवाय तो त्या आळीतला, म्हणजे दुधात साखर. आम्ही दोघं इंदापूरला सरांकडं गेलो.

सरांनी पत्रिकेचा नमुना डोळ्यांजवळ धरून वाचला. ‘‘इव्हेंट म्हंजी घटनाच ना? मग घडायच्या आदी तारीख कशी छापली?’’

चुलतभाऊ हसला. त्याला वाटलं सर विनोद करतात. सरांनी कागद मागवला आणि एक ओळ लिहून दिली. ‘आबांनी ही विहीर उपसली.’

‘‘सर, खुली केली ते राहिलं.’’

‘‘मला येवढंच म्हाईत हाय. म्होरं काय घालायचं ते तुमी घाला.’’

चुलतभाऊ खूशच झाला. ‘‘घालतो की!’’ म्हणाला. परतीच्या वाटेवर गाडीत तो ड्रोनबद्दल बोलत होता आणि मी त्या ओळीकडं बघत होतो. काहीतरी खटकत होतं. वाटेत चहाला थांबलो तेव्हा लक्षात आलं. त्या ओळीत म्हणे नव्हतं. सरांनी न पाहिलेल्या गोष्टीला म्हणे लावलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

म्हणजे सरांनी ते पाहिलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मी एकटाच गेलो. सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते, सरांच्या घरच्या काकू शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, की उतरवला नाही.

‘‘मी पोरगा व्हतो. आमच्या आळीच्या आडात नुसता चिखल ऱ्हायला व्हता. माझी आई भर दुपारी गेली आणि तुमच्या हिरीत कळशी सोडली. कुणीतरी बघितलं. आबा आलं. खोटं कशाला बोलू, त्यांनी शिवी दिली न्हाय, हात उगारला न्हाय. नुसतं म्हनालं, हीर बाटली, उपसा. इंजिन लावलं. सगळं पाणी काढलं. मग गोमूत्र शिंपडलं.’’

काकूंचे हात थांबले होते.

‘‘उपसल्यालं पाणी पाटानं वाहून आमच्या आळीवरनं खाली जात व्हतं. बाटल्यालं पाणी, कोण अडवतंय? आमी पोरं पालथी पडून पोट फुगंस्तवर प्यालो. आयांनी घागरी भरल्या. तसलं पाणी त्या उन्हाळ्यात आमी बघितलंच नव्हतं. तवा आबांनी पाणी पाजलं, ह्यो दाना खरा हाय बग. दंतकथेत एक दाना खरा आसतोच.’’

‘‘आणि खुली कधी केली?’’

‘‘केलीच न्हाय. नळ आलं. मग कुणाला हिरीची गरजच ऱ्हायली न्हाय.’’

मला तोंड वर करता येईना. मी म्हटलं, ‘‘सर, तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाही? मी तुमच्यासमोर भाषण केलं.’’

‘‘तू पोर व्हतास. आईनं सांगितलं ते तू सांगितलंस. त्ये काय पाप न्हाय, ती दंतकथा. पर आता तुला कळलंय. आता सांगितलीस तर मातर ती दंतकथा ऱ्हाणार न्हाय. ते खोटं.’’

काकूंनी मध्येच विचारलं, ‘‘च्या घेता न्हवं?’’ मी घेतला. त्यांच्या घरातलं कपभर पाणीसुद्धा आमच्या घरात आबांच्या काळी चाललं नसतं, हे त्या क्षणी मला पहिल्यांदा जाणवलं. माझं वय पन्नाशीच्या पुढं आहे.

गावी जाऊन तात्यांना गाठलं. वाटलं होतं, ते खवळतील. त्यांनी सुपारी कातरायचं थांबवलं आणि म्हणाले, ‘‘इंजिनचं हँडल मीच मारलंय.’’

‘‘तुम्ही? केवढे होता तुम्ही तेव्हा?’’

‘‘सतरा-अठराचा आसंन मी. आबांच्याम्होरं कुणाची छाती व्हती? मास्तर पाटाच्या कडंला हुबा व्हता, येवढासा. माज्याकडं बगत व्हता.’’ त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला. ‘‘म्होरं तुझ्या आईला बगाय गेलो. तुझा मामा शिकल्याला, चळवळीतला. त्यानं इचारलं, तुमी हीर उपसली व्हती म्हणं, कशापायी? मला लाज वाटली. तोंडातनं निघून गेलं, गाळ काढला आन समद्यास्नी खुली केली. तुझी आई दाराआड ऐकत व्हती. तिला ते लई आवाडलं. त्या गोष्टीपायीच तिनं हुकार दिला. मग मी कवा सांगणार तिला?’’

म्हणजे आमच्या घराण्याचा अभिमान हा एका माणसाच्या लाजेतून जन्मला होता. आबांनी जे केलं नाही ते तात्यांनी गोष्टीत करून टाकलं होतं.

‘‘फलकावर काय घालायचं?’’ मी विचारलं.

तात्यांनी हात जोडले. बापानं मुलाला जोडले. ‘‘मी हाय तंवर नगं रं. माज्या डोळ्याम्होरं नगं.’’

मी चुलतभावाशी बोललोच नाही असं नाही. फोनवर म्हटलं, ‘‘अरे, ते खुली केली वगैरे जरा तपासून बघू.’’ तो म्हणाला, ‘‘पत्रिका वाटल्यात, पाव्हणं ठरल्यात, आता काय तपासतो?’’ मीही पुढं ओढलं नाही. चार दिवसांनी त्यानं फलकाचा फोटो पाठवला. ‘आबांनी ही विहीर उपसली आणि सर्व जातिधर्मांच्या बांधवांसाठी कायमची खुली केली.’ खाली, थोड्या लहान अक्षरात, ‘शब्दांकन’ आणि पुढं सरांचं पूर्ण नाव.

दुकानात गिऱ्हाईक होतं. मी खोकल्याचं औषध दिलं आणि पुन्हा फोन बघितला. सरांचं नाव काढ, एवढं तरी लिहायला हवं होतं. लिहिलंही होतं. मग खोडलं, आणि अंगठा पाठवला.

कार्यक्रमाला सर येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. ते आले. काकूंना घेऊन एस.टी.नं आले. गुंडी लावलेला पांढरा शर्ट. इव्हेंटवाल्यानं पडदा दूर केला, वरून ड्रोन घरघरत गेला, टाळ्या झाल्या. सर फलकापाशी गेले, चष्मा लावला आणि पहिल्या अक्षरापासून स्वतःच्या नावापर्यंत सगळं वाचलं. काकू शेजारी उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, ‘‘काय लिव्हलंय वो?’’

सर म्हणाले, ‘‘अक्षार चांगलं काढलंय.’’

मग त्यांना शाल दिली, नारळ दिला. तेवढ्यात स्थानिक चॅनेलचा एक पोरगा माईक घेऊन पुढं आला. ‘‘सर, आपण या ऐतिहासिक घटनेचे साक्षीदार आहात असं समजलं. काय सांगाल?’’

सरांनी माईककडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

‘‘हीर उपसताना मी बघितलंय,’’ ते म्हणाले. ‘‘खुली करताना न्हाय बघितलं. उपसायच्या येळंला तात्या इंजिनावर व्हते. त्यांस्नी इचारा, ते सांगत्याल.’’

माईक तात्यांकडं वळला. तात्या पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते. ते उठले. माईक हातात घेतला. त्यांचा हात थरथरत होता, ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. सर त्यांच्यासमोर, दोन हातांवर उभे होते. मागून कुणीतरी कुजबुजलं. चुलतभावानं मला डोळ्यानं खुणावलं.

मी पुढं झालो. तात्यांच्या हातातून माईक घेतला. म्हणालो, ‘‘वडिलांची तब्येत बरी नसते. मी सांगतो.’’ आणि मी सांगितलं. आबांनी गाळ काढला, सर्वांना बोलावलं, म्हणाले आजपासून ही विहीर सर्वांची. सगळं सांगितलं, आवाजाच्या चढउतारांसकट. मला ठाऊक होतं मी काय करतोय. टाळ्या पडल्या. चॅनेलच्या त्या पोरानं ‘एक नंबर झालं साहेब’ म्हणत अंगठा दाखवला.

सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग खांद्यावरची शाल काढली, नीट चौघडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि काकूंना घेऊन रस्त्याकडं चालू लागले. मी त्यांना हाक मारली नाही. मारून काय म्हणणार होतो?

लोक जेवायला उठले. बुंदी, मसालेभात, वाढप्यांची धावपळ. तात्या तसेच पहिल्या रांगेत बसून होते, एकटेच. मी ताट वाढून त्यांच्याकडं नेलं. मनात कुठंतरी असं होतं की म्हाताऱ्याला मी वाचवलं. सरांचं जे व्हायचं ते झालं, पण बापाची अब्रू राखली.

‘‘तात्या, दोन घास खाऊन घ्या.’’

त्यांनी ताटाकडं बघितलं नाही.

‘‘तू माईक का घेतलास?’’

‘‘तुमचा हात थरथरत होता तात्या. मला वाटलं, आता पडताय.’’

‘‘थरथरणारच की.’’ त्यांनी रस्त्याकडं बघितलं. तिथं आता कुणी नव्हतं. ‘‘इतकी वर्सं गेली. मास्तर म्होरं हुबा व्हता, तवासारखाच माज्याकडं बगत. त्याच्याम्होरं खोटं निघालं नसतं माज्या तोंडातनं. सबूद जुळवत व्हतो रं. मी सांगणार व्हतो.’’